चेन फक्त घाटातच उडते? दिवे घाट ते पुरंदर रस्त्यावर दोष कसा पकडायचा

वडकीपर्यंत सायकल विनातक्रार चालते. दिवे घाट लागतो, पहिल्याच वळणावर जरा उठून पेडल मारलं की मागे 'खट्' आवाज येतो. पाय क्षणभर रिकामा जातो, चेन पुन्हा पकडते, आणि थोडं वर गेलं की पुन्हा तेच. सासवडला पोचून चाक उचलून गिअर टाकून बघावेत तर सगळे सुरळीत पडतात. दुकानात नेली की सायकल स्टँडवर चढते, पेडल हाताने फिरतं, बॅरलला (केबलचा ताण जुळवणाऱ्या फिरत्या नळीला) अर्धा पीळ बसतो आणि 'झालं' म्हणून परत मिळते. पुढच्या रविवारी वडकी ओलांडली की खट्.

पुण्याच्या आसपास रोड बाइकवर घाट मारणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दिवे घाट असो, बोपदेव असो, सिंहगड असो, लक्षणं तीच असतात. कारणं मात्र निदान सहा-सात आहेत. म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि 'बॅरल फिरव, होईल' हा सल्ला दहा जणांना दिला तर दोघा-तिघांनाच उपयोगी पडतो.

स्टँडवर दोष का दिसत नाही

स्टँडवर चेनला जवळजवळ ताणच नसतो. हिशोब करून बघा. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, चढ ८ टक्के. नुसतं वर सरकत राहायला चाकाला साधारण ६.८ किलोचा जोर लागतो. मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीची त्रिज्या चाकाच्या मानाने फार लहान, त्यामुळे चेनमध्ये हा जोर कितीतरी पटींनी वाढून येतो. ३२ दातांच्या चकतीवर चेनचा सरासरी ताण सुमारे ३५ किलो होतो, १६ दातांच्या चकतीवर सुमारे ७०. पेडल आडवं असतं तेव्हा पायाचा जोर सर्वांत जास्त, त्या क्षणी ताण याच्याही बराच वर जातो. सपाटीवर ताशी २५ किमीने जाताना त्याच १६ च्या चकतीवर वीसेक किलोत भागतं.

म्हणजे झिजलेला दात किंवा जरा बाजूला सरकलेली चेन वीस किलो सहज झेलते, सत्तरला सोडून देते. हा दोष घाटात तयार होत नाही, तिथे उघडा पडतो. त्यामुळे दुरुस्ती झाली की नाही हेसुद्धा घाटातच ठरवायला हवं.

याच हिशोबातून एक कामाची गोष्ट निघते. पुढे ३४ दात आणि मागे १७, किंवा पुढे ५० आणि मागे २५, दोन्हीत गिअर अगदी तोच. पायाला फरक कळत नाही. पण २५ च्या चकतीवर चेनचा ताण जवळपास एक तृतीयांशाने कमी असतो आणि चेन जास्त दातांना धरून असते. चेन घसरत असेल आणि घर गाठायचं असेल, तर पुढे मोठी चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे मोठी चकती, ही जोडी खूप वेळा निभावून नेते.

आणखी एक, कळकळीने सांगतो: दोष सापडेपर्यंत घाटात उठून पेडल मारू नका. उभं असताना चेन सुटली तर सगळं वजन पुढे जातं, छाती स्टेमवर (हँडल धरणाऱ्या मधल्या दांड्यावर) आपटते नाहीतर सायकल रस्त्याच्या मध्यभागी ओढली जाते. दिवे घाटात मागे ट्रक आणि एसटी असतात. बसूनच, हलका गिअर घेऊन चढा.

पाना हातात घेण्याआधी

चेन कुठे घसरते ते नीट बघा. एकाच चकतीवर, दोन-तीन चकत्यांवर, की सगळ्यांवर? ठरावीक अंतराने घसरते की केव्हाही? आणि हे कशानंतर सुरू झालं: पंक्चर काढल्यावर, सायकल पडल्यावर, नवी चेन टाकल्यावर, पावसात भिजल्यावर? या तीन उत्तरांतच अर्धं निदान होतं. फोनवर दोन ओळी टिपून ठेवल्या तर दुकानातल्या माणसालाही त्या 'गिअर स्लिप होतोय' यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतात.

कधीकधी दोष सायकलचा नसतोच. वडकी सोडली की रस्ता हळूहळू उचलतो आणि आपण सपाटीचाच गिअर रेटत राहतो. पाय जड झाले की पूर्ण जोर देतादेताच एकदम दोन-तीन गिअर खाली टाकतो. चेन एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर चढत असतानाच तिच्यावर सगळा ताण आला तर चांगली सायकलही खटकन आवाज करते. चढ लागायच्या आधी गिअर टाका, आणि गिअर पडेपर्यंत अर्धा फेरा पायाचा जोर सैल ठेवा. आवाज फक्त गिअर बदलतानाच येत असेल तर एवढ्यानेच थांबेल. गिअर न बदलता, एकाच चकतीवर स्थिर असताना चेन उडत असेल, तर पुढचं वाचा.

चाक नीट बसलंय का

पंक्चरनंतर किंवा गाडीच्या रॅकवरून उतरवल्यानंतर सुरू झालं असेल तर आधी हेच. क्विक रिलीज (हाताने उघडायची खिट्टी) असलेलं मागचं चाक किंचित तिरपं बसलं तरी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेच्या) रेषेतून सरकते. सायकल जमिनीवर सरळ उभी करा, क्विक रिलीज सैल करा, सीटवर दाब देऊन ॲक्सल (चाकाचा आस) खाचेत पुरता बसू द्या, मग आवळा. मिनिटाचं काम आहे, आणि यात सुटणाऱ्या तक्रारी कमी नाहीत. दुसऱ्या चाकजोडीवर सायकल चालवत असाल तर दोन हबांवर (चाकांच्या मधल्या भागांवर) कॅसेटची जागा केसभर पुढेमागे असू शकते. तेव्हा बॅरल पुन्हा जुळवावा लागतो.

केबल आणि बॅरल

चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरते, चढली तरी मधूनच खालच्या चकतीवर उतरते, तर केबल सैल आहे. नव्या सायकलीत सुरुवातीच्या काही राइडमध्ये हे होतंच, कारण आउटरची (केबलवरच्या आवरणाची) टोकं आपापल्या जागी दबून बसतात. डिरेलरवरचा बॅरल मागून बघत घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. एका वेळी पावच, मग चालवून बघा. उलट, चेन लहान चकतीवर उतरायला उशीर करत असेल तर पाव फेरा घड्याळाच्या दिशेने.

चढायलाही उशीर आणि उतरायलाही उशीर असेल तर मात्र बॅरलला हात लावू नका. ती केबल आउटरच्या आत अडकतेय: गंज, चिखल, वाळलेली घाण. पावसाळ्यात पुरंदर तालुक्यातून फिरून आलेल्या सायकलींत डिरेलरजवळचा आउटरचा शेवटचा तुकडा पहिला खराब होतो, कारण मागच्या चाकाचं पाणी थेट तिथे उडतं. तो तुकडा आणि केबल दोन्ही बदला. तेल सोडून तात्पुरतं सुटतं, महिनाभरात परत येतं.

दर राइडला बॅरल थोडा थोडा फिरवावा लागतोय, हे धोक्याचं लक्षण समजा. शिफ्टरच्या (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याच्या) डोक्यात केबल घट्ट वळते आणि तिथे तिचे धागे एकेक करून तुटत जातात. बाहेरून काही दिसत नाही. शेवटचा धागा गेला की चेन सर्वांत लहान चकतीवर जाऊन बसते, आणि हे हमखास चढावरच होतं, कारण गिअर तिथेच जास्त बदलले जातात. शिफ्टरचं रबर उलटून, गिअर लहान चकतीवर नेऊन, केबलची गोळी थोडी बाहेर ढकलून बघा. एक धागा जरी उभा दिसला तरी त्याच दिवशी केबल बदला. तुटून आत अडकलेला तुकडा काढायला नव्या केबलच्या कितीतरी पट वेळ जातो.

चेन आणि कॅसेट

माझ्या मते घाटातल्या घसरण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच.

चेन 'ताणली' असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पत्त्या ताणत नाहीत, सांध्यांतल्या पिना झिजतात आणि प्रत्येक सांध्यात केसभर जागा तयार होते. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेचं अंतर १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच. म्हणून वेगळं उपकरण नसलं तरी १२ इंची पोलादी पट्टी चालते. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. चेन नवी असेल तर २४ सांधे सोडून येणारी पिन बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिमीवर येते. ती दीड मिमी पुढे गेली असेल तर झीज अर्धा टक्का झाली. ११ आणि १२ स्पीडची (मागे तितक्या चकत्या असलेली) चेन इथेच बदलायची. ८ ते १० स्पीडची पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे साधारण सव्वादोन मिमीपर्यंत चालवता येते. एक टक्का गाठलेली चेन कॅसेटला सोबत घेऊन जाते.

गंमत अशी की जुनी चेन आणि जुनी कॅसेट एकमेकींना धरून झिजलेल्या असतात, त्यामुळे बऱ्याचदा तक्रारच येत नाही. घसरायला लागतं ते नवी चेन टाकल्यावर. 'परवाच चेन बदलली आणि आता तर जास्तच उडते' असं कोणी म्हटलं की कारण जवळपास नक्की झालं: कॅसेट गेली आहे. नव्या चेनचे सांधे बरोबर १२.७ मिमीवर, झिजलेल्या दातांमधली खोबण रुंद आणि तिरपी. सपाटीवर बसते, चढावर जोर आला की दातावर चढून पुढच्या दातावर पडते. कितीही बॅरल फिरवा, फरक पडणार नाही.

हे ओळखायची खूण म्हणजे चेन फक्त रोजच्या वापरातल्या चकत्यांवर घसरते. ११-३२ च्या (सर्वांत लहान चकती ११ दातांची, सर्वांत मोठी ३२ ची) कॅसेटमध्ये सपाटीला १६ आणि १८ सर्वांत जास्त वापरल्या जातात, आणि उठून पेडल मारताना अनेक जण नेमके तिथेच येतात. २८ आणि ३२ मात्र नव्यासारख्या असतात. चकती स्वच्छ पुसून उजेडात बघा. चांगला दात दोन्ही बाजूंनी सारखा उतरता असतो, झिजलेला दात एका अंगाला झुकलेला आणि टोकदार दिसतो. अशी कॅसेट बदलावीच लागते. वेळेवर बदललेली चेन कॅसेटच्या मानाने खूप स्वस्त पडते, म्हणून महिन्यातून एकदा पट्टी लावायची सवय ठेवा. घाटवाल्यांच्या चेन सपाटीवाल्यांपेक्षा लवकर झिजतात, त्यात उन्हाळ्यातली सासवड-नारायणपूरची धूळ तेलात मिसळली की तिची पॉलिश पेस्टच होते. तेल घालण्याआधी चेन पुसा, घातल्यानंतरही बाहेरून कोरडी पुसा. तेल रोलरच्या आत हवं, पत्त्यांवर नको.

ठरावीक अंतराने उडत असेल तर

पुढे ३४ ची चेनरिंग आणि १०८ सांध्यांची चेन असेल तर चेनचा पूर्ण फेरा क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) सव्वातीन फेऱ्यांच्या आत होतो. 'खट्' दर तीन-सव्वातीन पेडलला येत असेल तर एखादा सांधा अडकलेला आहे. पेडल हळूहळू उलटं फिरवत डिरेलरच्या खालच्या चाकाकडे बघत राहा. अडकलेला सांधा तिथून जाताना डिरेलरचा हात टुणकन उडतो. तो सांधा दोन्ही हातांत धरून आडव्या दिशेने हलकेच वाकवा, तेलाचा थेंब सोडा. बहुतेक वेळा सुटतो. नाही सुटला तर जोडपिन नीट बसलेली नाही, अशी चेन पुढच्या चढावर तुटू शकते.

हँगर

सायकल उजव्या अंगावर पडली असेल, गाडीच्या डिकीत त्या बाजूवर झोपवली असेल, किंवा चहाच्या टपरीशेजारी टेकवलेली घसरून पडली असेल, तर हँगर तपासल्याशिवाय दुसरं काही करू नका. डिरेलर फ्रेमला धरणारा हा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दामच मऊ ठेवलेला असतो, फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. दोन-तीन मिमी वाकला तरी लहान चकत्या बरोबर आणि मोठ्या चुकलेल्या, किंवा उलट, असा प्रकार होतो. एक जुळवलं की दुसरं बिघडतं.

सायकलच्या बरोब्बर मागे उकिडवं बसून एका डोळ्याने बघा. डिरेलरची वरची आणि खालची चाकं चकतीच्या रेषेत, एकाखाली एक दिसली पाहिजेत. खालचं चाक आत, आऱ्यांकडे कललेलं दिसलं तर हँगर वाकलाय. अशा अवस्थेत पुरंदरच्या चढावर सर्वांत मोठी चकती टाकली तर डिरेलर आऱ्यांत जाऊ शकतं. मग डिरेलर, हँगर आणि आरे सगळंच एकदम जातं. सरळ करायचं काम हातानं नको. रिमच्या चार ठिकाणांवरून अंतर मोजणारा गेज असतो, तो ज्या दुकानात आहे तिथेच द्या. 'गेज आहे का?' हे विचारायला संकोचू नका. हँगर फ्रेमप्रमाणे वेगळा असतो आणि आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून एक जास्तीचा सॅडल बॅगेत असू द्या.

इलेक्ट्रॉनिक गिअरवाल्यांना केबलची भानगड नाही. चेन, कॅसेट आणि हँगर मात्र त्यांनाही चुकत नाहीत.

सगळ्याच गिअरमध्ये पाय रिकामा जातो

चेन जागची हलत नाही, पण क्रँक आणि कॅसेट दोन्ही पुढे फिरतात आणि चाक फिरत नाही, असं असेल तर दोष फ्रीहबचा, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते त्या हबच्या भागाचा. आतले पॉल, म्हणजे स्प्रिंगवरचे छोटे खटके, चिखलाने किंवा जाड ग्रीसने चिकटले की पकडत नाहीत. सायकल प्रेशरने धुवून घेणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं, कारण पाणी सीलमधून आत घुसतं. यावर रस्त्यात उपाय नाही आणि सायकल वर चढवायचीही नाही. हब खोलून, साफ करून, हलकं तेल किंवा कंपनीने सांगितलेलं ग्रीस लावून घ्यायचं.

दुरुस्ती तपासायची कशी

एका वेळी एकच गोष्ट बदला. चाक, बॅरल, चेन सगळं एकदम केलं तर काय लागू पडलं ते कळत नाही, आणि दोष परत आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

तपासणीला दिवे घाट मला आवडतो कारण चढ सलग आहे, फार खडा नाही. बसून, एकेका चकतीवर शे-दोनशे मीटर जाऊन बघता येतं. एका बाजूला दरी, खाली मस्तानी तलाव, पावसाळा संपता संपता तो भरलेला असतो तेव्हा तर थांबून बघावा असा. माथ्यावरून सोनोरीकडे वळलं की मल्हारगड. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधलेला, महाराष्ट्रात अगदी शेवटी बांधल्या गेलेल्या किल्ल्यांपैकी एक. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच घाटाने सासवडला जाते. त्या दिवशी रस्ता वारकऱ्यांचा, सायकलची चाचणी दुसऱ्या दिवशी करा.

घाट बिनआवाज झाला तर सासवडहून नारायणपूरकडे निघा. वाटेत कऱ्हेच्या काठचं संगमेश्वर आणि पुढे चांगवटेश्वर, दोन्ही जुनी दगडी मंदिरं रस्त्यापासून जवळ आहेत. अंजिराच्या दिवसांत इथली अंजिरं खिशात टाका, चढावर कुठल्याही एनर्जी जेलपेक्षा बरी. नारायणपूरला यादवकालीन नारायणेश्वराशी पाणी भरून घ्या. तिथून पुरंदरच्या माचीकडे जाणारा रस्ता ही खरी परीक्षा. हा घाट दिवे घाटापेक्षा कितीतरी खडा आहे, वळणांवर ३२ सुद्धा कमी वाटते. १६६५ मध्ये मुरारबाजी देशपांडे दिलेरखानाच्या फौजेशी लढताना पडले ते याच किल्ल्यावर, आणि त्याच वर्षीच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. वर मुरारबाजींचा पुतळा आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र जवळ हवं आणि वेळेत खाली यायला हवं.

नारायणपूरला पोचेपर्यंत एकदा जरी 'खट्' झालं असेल तर पुरंदर चढू नका. परतताना कापूरहोळवरून महामार्गाने जायचा मोह होतो, पण त्या बाजूला कात्रजचा चढ आहे. आल्या वाटेनेच सासवडला या: किरकोळ चढउतार, आणि पुढे दिवे घाट उतारच. केबलच तुटून चेन सर्वांत लहान चकतीवर अडकली असेल तर डिरेलरचा 'हाय' लिमिट स्क्रू (चेन लहान चकतीकडे कुठवर जाईल ते ठरवणारा) आत फिरवा, चेन एखाद-दोन चकत्या वर येते. पुढे लहान चेनरिंग ठेवा आणि तशीच सायकल सासवडपर्यंत आणा. घरी पोचल्यावर तो स्क्रू पहिल्या जागी न्यायचा आहे, म्हणून किती फेरे दिले ते मोजून ठेवा.